मागची बैठक

महायुद्ध संपल्यावर धाकट्या बहिणीचं, भिकूचं, अक्कलकुव्याहून आलेलं आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, पत्र बरेच दिवस उत्तराविना पडून होतं. "भाऊ, यंदा आखाजीले मी तुन्ही फटफटीवरच माहेरले येसू. लेवाले ये."

लष्कराच्या लिलावात घेतलेल्या त्या फटफटीची मागची बैठक दगडासारखी होती. बहिणीला टोचू नये म्हणून मी पुस्तकात पाहून ती उसवली, घरातल्या दोन उशांचा कापूस भरला आणि वर नवं कातडं शिवलं. अंगणात त्या बैठकीवर बसून तेच पुस्तक वाचू लागलो, तर उठावंसं वाटेना.

सण आठवड्यावर आला तशी बायको म्हणाली, "उश्या गयात, आखाजी उनी. आते तरी निंघा!"



त्याच दिवशी मी उत्तर टाकलं: "भिकू, बैठक उत्तम झाली आहे. फटफटी चालवायला शिकलो की निघतोच. यंदा मात्र तू सर्व्हिस मोटारीनेच ये."