डोळ्यांवरचा हात

मांजरीच्या कमरेवरून व्हॅन गेली आणि थांबलीसुद्धा नाही. मागचे पाय चेचले गेले, पुढच्या पायांवर ती रोज खाऊ मिळायच्या पायरीकडे फरफटत निघाली. ओरडणं ऐकवत नव्हतं.

गल्लीतल्या मांजरांना रोज सकाळी खाऊ घालणारी म्हातारी हातातलं ताट टाकून घरात पळाली, पाणी आणायला.

समोरच्या हॉटेलातून नवरा-बायको नुकतेच बाहेर पडले होते.

"अहो, नका ना जाऊ," बायको म्हणाली. "रिटायर झालात आता. फिरायला आलोय आपण. परमुलखात नसत्या उठाठेवी कशाला?"

पण तीस वर्षं गुराढोरांचा डॉक्टर असलेला माणूस तो. जित्याची खोड! तो खाली बसला, हात फिरवून पाहिला. मणका तुटला होता, आतडी रस्त्यावर आली होती, आणि जीव जायला अजून तासभर होता. शेवटचं इंजेक्शन जवळ नव्हतं. नव्हतं तर नव्हतं. नेहमीसारखा डावा तळवा त्यानं तिच्या डोळ्यांवर ठेवला. डोळे झाकले की जनावर घाबरत नाही, असं तो म्हणायचा. बायकोनं ते गोठ्यागोठ्यांतून पाहिलं होतं. त्या तळव्याखालून एकही जनावर परत उठलं नव्हतं.

मांजरी गप्प झाली. उजव्या हातानं त्यानं एका झटक्यात मान मोडली.

म्हातारी पाण्याचा वाडगा घेऊन दारात उभी होती. तिनं नेमकं तेवढंच पाहिलं.

तिच्या किंकाळीसरशी सगळी गल्ली धावून आली. पहिली लाथ बरगडीत बसली, दुसरी तोंडावर. "डॉक्टर! डॉक्टर!" तो ओरडला. हा शब्द त्यांना कळला असावा, कारण ते जास्तच चवताळले. कुणीतरी शटरचा लोखंडी गज त्याच्या डोक्यात घातला.

"अरे मेल्यांनो, सोडवलं त्यांनी तिला! मारता काय?" बायको मराठीतच बोंबलत होती. दोघांनी तिचे दंड धरून ठेवले होते.

रक्त भळाभळा वाहायला लागलं तशी माणसं मागे सरली. तो मांजरीशेजारी उताणा पडून विव्हळत होता. म्हातारी पुढे आली, गुडघे टेकून बसली. आधी मांजरीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. आणि आपला डावा तळवा अलगद त्याच्या डोळ्यांवर ठेवला.

तो गप्प झाला.

"हात काढ!" बायको किंचाळली. "आधी त्यांच्या डोळ्यांवरचा हात काढ!"