जिभेला धरणारा दगड

जवळ सरका, माउली. आजची कथा हळू आवाजातच सांगायची आहे.

मेलेल्या माणसाचं एक हाड यंत्रात घालून त्याचा दगड करायचा आणि तो देवघरात पुजायचा, अशी चाल नुकती कुठे रुळली होती. पुरानं अनसूयेचं देवघर नेलं, आणि धन्याचा दगडही. म्हणून ती नणंदेसोबत प्रवरेच्या पात्रात बसून एकेक गोटा जिभेला लावत होती. साधा गोटा निसटतो, हाडाचा चिकटतो. शिवाय त्यावर यंत्राच्या चिमट्याचा तिहेरी वण असतो.

"वहिनी, दादा जिवंतपणी एवढा गोड लागला नाही तुम्हाला!" वेणू म्हणाली.

"वन्सं, तोंड चालवू नका, जीभ चालवा."

हसता हसता दमून अनसूया काठच्या कड्याला टेकली. पुरानं तो ताजाच उघडा पाडला होता. सवयीनं तिनं त्याला जीभ लावली, तर ती चिकटली. हातभर सरकून लावली, तिथंही चिकटली. तिनं पदरानं चिखल पुसला. दगडाला दगड खेटून बसला होता आणि प्रत्येकावर तोच तिहेरी वण होता.

वेणू पांढरीफटक पडली. "अहो, यंत्र तर कालपरवाचं! आणि हा कडा माणूसजात जन्माला यायच्या आधीचा."

धन्याचा दगड काही सापडला नाही. पण अनसूयेनं ओंजळभर पाणी कड्यावर सोडलं.

"वन्सं, आपल्याआधीही कुणीतरी आपली मेलेली माणसं अशीच दगड करून पुजली असणार. ह्यांना शोधायला कुणीच उरलं नाही हो."

माउली, आज दिवा लावाल तेव्हा त्यांचीही आठवण करा.