पुढचं दार

चांदणीने मोबाइल सासूच्या नाकासमोर धरला. पडद्यावर गुलाबी ढग होते, ढगांत एक अस्वल बसलं होतं आणि त्याच्या पायाशी ओटीभरणाची तारीख सोनेरी अक्षरांत चमकत होती.

"आई, हे फायनल करू? की मघाचं पाळण्यावालं?"

"ओटी तुजी हाय का अस्वलाची?" मंजुळाबाईंनी विचारलं.

चांदणी पोट धरून हसली. सातवा महिना लागल्यापासून तिला हसतानाही धाप लागायची. तिने अस्वल काढून टाकलं आणि पाळणा ठेवला. मग गाणं शोधायला घेतलं, तर जिथे बोट लावावं तिथे एकच बासरी.

"ही बासरी सगळेच लावतात. तुमच्या वेळी कार्ड नव्हतं ना? मग बोलवायचे कसे?"

मंजुळाबाईंनी निवडायची मेथी बाजूला सरकवली. खारी गावाची ही आळी तेव्हा सगळी कौलारू होती, बिल्डिंग औषधालासुद्धा नव्हती. मिठागरावरून बाया परतायच्या, पायांवरचं पांढरं मीठ धुवायच्या आणि चुली पेटायच्या. तेवढ्यात बोलावणं करणारी कुंकवाचं ताट घेऊन निघायची. दारात उभं राहून हाक मारायची आणि आतून 'येते गो' आल्याशिवाय पुढच्या दाराला जायचं नाही, मग कितीही वेळ लागो. सगळ्या आळीचं बोलावणं मंजुळाबाईच करायच्या, कारण त्यांची हाक मागच्या परसातल्या बाईलाही ऐकू जायची.

"कोनाकडं काय शिजतंय त्ये पन कलायचं," त्या म्हणाल्या आणि हसल्या.

मग हसू थांबलं. नवरा, बाबुराव, गेले आणि ताट दुसऱ्या सवाष्णीच्या हातात गेलं. जाऊ नको असं मंजुळाबाईंना कोणी म्हटलं नाही, म्हणायची गरजच नव्हती. पुढे घरोघरी मोबाइल आले आणि ताटही बंद झालं.

"मना लय आवडायचं गो त्ये," त्या म्हणाल्या.

चांदणीने गाण्यांची यादी बंद केली. "आई, बासरी नको. तुम्हीच बोला. मी रेकॉर्ड करते."

"मी? शुभ कामाला मी कशाला?"

"तुमच्या नातवाचं बोलावणं आहे. आणि आवाजाला कुठे कुंकू लागतं?"

मंजुळाबाईंनी मेथी पुन्हा पुढ्यात ओढली. पोटातून वाटत होतं, हो म्हणावं. पण कोणी तोंड वाकडं केलं आणि पोरीच्या ओटीलाच गालबोट लागलं तर? शेवटी त्या उठल्या आणि उंबऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. बसून हाक मारता येत नाही, म्हणाल्या. डोक्यावर पदर घेतला आणि बाहेर तोंड करून हाक दिली.

"अगो बाई, हायेस का घरात? आयतवारी आमचे सुनेची ओटी हाय. पोरंबालं घेऊन ये गो!"

आवाज मध्येच जरा फाटला. चांदणीने तो तसाच कार्डाला जोडला. "झालं. आता गावाच्या ग्रुपवर टाकते, एका झटक्यात सगळ्यांना."

"सगल्यांना एकदम हाक मारतान का कवा? पयलं उर्मिलाचं दार."

उर्मिला त्यांच्याच वयाची, शेजारची. तिचं घर पाडून तिथे बिल्डिंग उभी राहिली, त्यात तिसऱ्या मजल्यावर तिला फ्लॅट मिळाला होता. चांदणीने कार्ड तिला एकटीला पाठवलं. थोड्याच वेळात वरच्या खिडकीतून मंजुळाबाईंचाच आवाज आळीत उतरला. अगो बाई, हायेस का घरात?

मंजुळाबाई उंबऱ्यातच थांबल्या होत्या. मोबाइल टिंग वाजला.

"आला रिप्लाय, अंगठा. म्हणजे हो. आता पलीकडच्या विनिताकाकींना पाठवते."

"थांब. अंगठा दाखवून कोन येतं गो?"

"आई, अंगठा म्हणजे हो."

"ती बोलली न्हाय अजून."

चांदणीने बोट मागे घेतलं. सासूने चौकट घट्ट धरलीय, हे तिला दिसलं. त्यांना बोलायला लावून आपण भलताच हट्ट केला, असं तिला वाटून गेलं. वरच्या खिडकीत आता काहीच वाजत नव्हतं. खाली भाजीवाला हातगाडी ढकलत गेला. एक स्कूल बस वळली. मंजुळाबाई हलल्या नाहीत.

मग वर तीच हाक पुन्हा वाजली, अगो बाईपासून ये गोपर्यंत, अख्खी. ती संपते न संपते तोच ग्रिलमधून उर्मिलाबाईंचा हात बाहेर आला आणि मागोमाग आवाज.

"येते गो मंजुळा! किती वरसांनी आलीस दारात!"

मंजुळाबाईंनी वर बघून मान हलवली. घसरलेला पदर पुन्हा डोक्यावर घेतला आणि सुनेकडे वळल्या.

"चल, लाव. आता विनिताचं दार."