विमानतळ जमिनीला टेकेना

"झालं का?" बायकोने चहा ठेवत विचारलं.

"विमानतळ जमिनीला टेकत नाहीये," तो स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाला.

खरंच टेकत नव्हता. धावपट्टी पुरुषभर उंचीवर तरंगत होती, झाडं काळीठिक्कर पडली होती आणि कंट्रोल टॉवर कमरेपर्यंत मातीत रुतला होता.

"मग बाबांना सांगा, जुनं नव्यात चालत नाही म्हणून."

"चालवायलाच पाहिजे."

त्याच्या वडिलांनी जन्मभर एका छोट्या विमानतळाच्या टॉवरमध्ये बसून दुसऱ्यांची विमानं उतरवली. स्वतः कधी उडवलं नाही. निवृत्त झाल्यावर ही हौस त्यांनी कॉम्प्युटरवरच्या फ्लाइट सिम्युलेटरवर भागवली, आणि त्यात आपला विमानतळ नाही म्हटल्यावर तो स्वतःच बनवून आत घातला. कुंपणापलीकडच्या आपल्या घरासकट. तांबडी कौलं, लिंबाचं झाड, ओसरीवर आरामखुर्ची. खुर्चीचे वळणदार हात मनासारखे जमेपर्यंत त्यांनी घरात कुणाला कॉम्प्युटरला शिवू दिलं नव्हतं.

ते घर मुलाने केव्हाच एका बिल्डरला विकलं होतं. आई गेल्यावर त्याने वडिलांना इथे आणलं, घराची मोठी दुरुस्ती काढलीय, झाली की परत जा, असं सांगितलं आणि दुरुस्तीच्याच म्हणून सह्या घेतल्या. तो विमा कंपनीचा सर्व्हेयर होता. गाडीला पडलेला पोचा खरा की पाडलेला, हे तो दहा पावलांवरून ओळखायचा. खोटं कुठे फसतं हे त्याला माहीत होतं, त्यामुळे त्याचं फसत नव्हतं.

वडील रोज संध्याकाळी उडायचे. मुलगा दारातूनच "वा, वा" म्हणायचा. आत जाऊन ती कौलं बघायचा धीर त्याला कधी झाला नाही. जेवताना मात्र चुकवता यायचं नाही.

"आज घरावरून एक फेरी मारली."

"हो का?"

"हं. आहे ते आहे. काम कुठवर आलं?"

"भिंतींतून ओल निघालीय, बाबा. वेळ लागेल."

"लागू दे. आपल्याला कुठे घाई आहे?"

मग ते जुन्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याला फोन लावून तिकडच्या हवेची चौकशी करायचे. टॉवरची सवय, दुसरं काय.

घोळ घातला तो मेहुण्याने. जुन्या कॉम्प्युटरने मान टाकली तेव्हा त्याने कौतुकाने नवा आणून दिला, वर नवाकोरा सिम्युलेटर. "काका, यात सगळं जग उपग्रहाच्या ताज्या फोटोंवरून काढलंय. तुमच्या घराचं कौल न् कौल दिसेल!"

मुलाने हातातला घास ताटात परत ठेवला.

वडिलांनी शांतपणे खिशातून पेन ड्राइव्ह काढून मुलापुढे धरला. "मला ताजं काही नको. माझा जुना विमानतळ यात बसव. माझे डोळे आता चालत नाहीत. तू बसवलास की मग उडेन."

मुलाच्या जिवात जीव आला. जुना विमानतळ नव्या जमिनीवर अंथरला, की खालचं सगळं आपोआप झाकलं जाणार होतं. खोटेपणाची एवढी स्वस्त दुरुस्ती त्याने उभ्या नोकरीत पाहिली नव्हती.

आज वडील केस कापायला गेले होते, म्हणून तो सकाळपासून ठाण मांडून बसला होता.

"त्यापेक्षा एकदा सांगून मोकळे का होत नाही?" बायको म्हणाली.

"या वयात धक्का सोसायचा नाही त्यांना."

"त्यांना की तुम्हाला?"

"चहात साखर कमी आहे."

ती कप तसाच उचलून घेऊन गेली.

इंटरनेटवरच्या हौशी वैमानिकांचे सल्ले वाचत त्याने एकेक चित्र नव्या सिम्युलेटरला रुचेल अशा साच्यात बदललं, उंचीचे आकडे सुधारले. झाडं हिरवी झाली. टॉवर मातीतून वर आला. शेवटी धावपट्टीही जमिनीला टेकली. वडिलांसाठी आपण काहीतरी केलं, असं त्याला बऱ्याच दिवसांनी वाटलं.

एकदा खात्री करावी म्हणून त्याने विमान उडवलं. धडपडत टॉवरला वळसा घालून ते कुंपणापलीकडे आलं.

तिथे सात मजली इमारत उभी होती.

उपग्रहाचा फोटो वर आला असणार. त्याने तो बंद केला. आजूबाजूचं सगळं शहर एका क्षणात पुसलं गेलं आणि वडिलांनी हाताने बनवलेलं तेवढं उरलं. धावपट्टी, टॉवर, आणि सात मजली इमारत. प्रत्येक गॅलरीचे गज वेगळे काढलेले, खाली बिल्डरची पाटी. फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, वळणदार हातांची एक आरामखुर्ची.