एकोप्याचा अभ्यास

नैरोबीहून अपोन्दी टॅब्लेट घेऊन सरोवराकाठच्या गावात आली. मोबाइलमुळे मासळी विकणाऱ्या बायकांमध्ये एकोपा वाढतो का, हा तिच्या पीएचडीचा विषय. ओमेना मासळी वाळत घालता घालता पहिल्या बाईनं सांगितलं, "वाढला. शिवाय निर्णयप्रक्रियेतला आमचा सहभागही वाढला." दुसरीनं तेच सांगितलं, तिसरीनंही. चौथी तर प्रश्न पुरा व्हायच्या आतच सहभागापर्यंत पोचली.

संध्याकाळी अपोन्दी रडकुंडीला येऊन बायकांच्या म्होरकीकडे, म्हणजे ओकेलोच्या आईकडे गेली. "मावशी, सगळ्यांचं उत्तर शब्दाला शब्द सारखं. गाईड म्हणतील, घरी बसून मनानं भरलंस. आधीच एकदा माझी माहिती त्यांनी परत पाठवलीय. आता पाठवली तर माझी शिष्यवृत्ती गेलीच."

"अगं पोरी, मग आल्या आल्या सांगायचं नाही का? टॅब्लेट बघून आम्हाला वाटलं, तू कुठल्या तरी संस्थेकडून आलीस," म्हणत ओकेलोच्या आईनं मोबाइल तोंडाशी धरला आणि बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप बोलून टाकला.


"बायांनो, ही मुलगी देणगीवाल्यांची नाही, विद्यापीठाची आहे, हिला मतभेद लागतात, तेव्हा उद्या निम्म्या जणींनी 'नाही' म्हणायचं, आणि कोणी कोणी ते इथंच एकमतानं ठरवून घ्या."