उलटे बूट

बाबांनी खेळण्यातले सैनिक पारदर्शक खोक्यांतून कधीच काढले नाहीत. सील तुटलं की संग्राहकाच्या लेखी ते खेळणं कामातून गेलं. लेक कपाटाच्या काचेला नाक लावून हट्ट करायची. "मोठी झालीस की देईन," बाबा म्हणायचे.

ती मोठी झालीच नाही.

आज बाबांचे एक संग्राहक मित्र आले. एक खोका उजेडात धरून ते हरखलेच. "सील शाबूत, आणि बूट उलट्या पायांत! कारखान्याची चूक. असा नग नशिबानेच मिळतो, राव!"

"काल पुसला तेव्हा सरळ होते," बाबा हळूच म्हणाले.

आईने कपाट उघडून एकेक खोका पाहिला. सगळ्यांचेच बूट उलटे होते.

"अगं, अजून डावा-उजवा कळेना का तुला?" आई कपाटात बघत म्हणाली.