हाताची खूण

"उद्या सकाळी मी तिच्याकडे जाणार आहे," पहाड म्हणाला. "त्याआधी तुम्हा दोघांच्या कानावर घालावं, म्हणून बोलावलं."

"कुणाकडे?" गरुडाने गुडघा चोळत विचारले. एके काळी हा माणूस ढगांच्या वर उडत असे; आता जिना चढताना कठडा धरावा लागे.

"वेल्डरच्या बायकोकडे."

मोटर-दुरुस्तीच्या त्या वर्कशॉपमध्ये पंखा घरघरत होता. पहाडाची थोरली बहीण दाराजवळच्या स्टुलावर बसली होती. तिला सगळेच ताई म्हणत. गिरणीचे छप्पर कोसळल्यानंतर ती आज प्रथमच भावासमोर आली होती. पाण्याचा पेला तिने केव्हाचा हातात धरला होता, पण ओठांना लावला नव्हता.

"आणि तिला सांगणार काय?" गरुडाने विचारले.

"खरं ते. मी हात सोडला."

"म्हणजे घाबरलास," गरुड म्हणाला. "हेच मी त्या दिवशी म्हटलं, तर माझ्या अंगावर धावून आलास. इतकी वर्षं तोंड फिरवून बसलास, राजा."

दोन्ही हात एप्रनच्या खिशात खुपसून पहाड भिंतीला टेकला. त्या दिवसापासून त्याला हीच सवय जडली होती. स्वतःचे हात नजरेस पडू नयेत, असे त्याला वाटे.

तिघांची कामे पूर्वी अगदी वाटून दिलेली असत. उंचावर अडकलेली माणसे गरुड उतरवून आणी. दबलेली माणसे पहाड सोडवी. उलटलेली बस तो ताट उचलावे तशी उचले. ताईकडे कसलीच शक्ती नव्हती. क्रेनवाल्याला खूण करणारा माणूस उभा राहतो, तशी ती पहाडाच्या समोर उभी राही. पंजा वर गेला की उचलायचे, सावकाश खाली आला की ठेवायचे.

ही पद्धत लहानपणीची. पहाड तेव्हा काडीसारखा होता आणि पोरे त्याला धड खेळायलाही घेत नसत. एका संध्याकाळी ताईने त्याला मैदानावरच्या दगडी रोलरपुढे उभे केले, पंजा वर केला आणि म्हणाली, "उचल." रोलर उचलला गेला. त्यानंतर तिच्या खुणेवाचून त्याने कधी काही उचलले नव्हते.

"ओझं उचलतो हा आणि धाप लागते हिला," गरुड तेव्हा थट्टा करी. "बहीण असावी तर अशी!"

मग वर्तमानपत्रात तो फोटो आला. पहाडाच्या डोक्यावर बस होती, आणि नेमकी पुढे ताईची पाठ. पहाड सगळ्यांदेखत तिला म्हणाला होता, "गार्डाने झेंडा दाखवला, म्हणून गाडी तो ओढत नाही, ताई. यापुढे मध्ये येत जाऊ नकोस."

पुढच्या बोलावण्याला ती आली नाही. गिरणीत छपराचा गर्डर वाकला होता, खाली वेल्डर अडकला होता. अग्निशमनच्या लोकांनी टेकू लावून गर्डर कसाबसा तोलून धरला होता. पहाड खाली शिरला. "टेकू काढा," तो ओरडला, "मी धरलाय!"

त्यांनी टेकू काढले. गर्डर पहाडाचा खांदा मोडून घसरला आणि वेल्डरवर पडला.

"एक गोष्ट मला अजून उमगत नाही," पहाड आता म्हणाला. "हात सोडल्याचं मला आठवतच नाही. कितीदा आठवून पाहिलं. पण गर्डर खाली आला, त्याअर्थी सोडलाच असणार. दुसरं कारण संभवतच नाही. आणि तेव्हापासून ताकदही गेली. ही मोटर हलवायची तर चेन-पुली लागते मला. केलेलं अंगावर आलं, दुसरं काय!"

"तिला असं सांगू नकोस," ताई म्हणाली.

"का? तिचा नवरा का गेला, हे तिला कळायला नको?"

"कळायला हवं. पण तू हात सोडला नाहीस."

"तू तिथे नव्हतीस, ताई."

"नव्हते. घरी बसून होते. फोन वाजत होता, कशासाठी ते मला ठाऊक होतं. म्हटलं, आज याचं याला कळू दे. मी फोन घेतला नाही."

"अगं, तू येऊन तरी काय केलं असतंस?" गरुड समजुतीच्या सुरात म्हणाला. "हातच वर केला असतास ना?"

ताईने पेला जमिनीवर ठेवला. वर्कशॉपच्या मधोमध, दोन माणसांनाही सरकणार नाही अशी जाडजूड मोटर पडली होती. "साखळी सोडव तिची," ती गरुडाला म्हणाली.

गरुडाने हूक काढला आणि तो पुन्हा खुर्चीत जाऊन बसला. रिकामी साखळी बाजूला झुलत राहिली.

"ताई, लाजवू नकोस मला," पहाड म्हणाला. "सांगितलं ना, नाही उचलत आता."

"एकदाच. माझ्यासाठी."

ती पूर्वीसारखी त्याच्या समोर उभी राहिली. केस पांढरे झाले होते, पण उभे राहण्याची ढब तीच होती. हात बाहेर काढायचे, वाकायचे, हरायचे आणि विषय एकदाचा संपवायचा, असे पहाडाने मनाशी ठरवले.

ताईचा पंजा वर गेला. "उचल."

मोटर जमिनीपासून सुटली आणि सावकाश पहाडाच्या छातीपर्यंत येऊन अधांतरी थांबली. गरुड खुर्चीतून ताडकन उठला. ताईला धाप लागली होती, तिचा पंजा वरच होता. आणि पहाडाचे दोन्ही हात अजून एप्रनच्या खिशातच होते.